एडमंड वॉलर आणि १६४३चा कट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या यादवीचा, म्हणजे राजा विरुद्ध संसद या युद्धाचा, विषय निघाला की चार्ल्स राजाचं मुंडकं आणि क्रॉमवेलची मस्सा असलेली तसबीर यांच्यापुढे आपली गाडी सहसा जात नाही. वॉलरचं नाव काढलं, की मात्र प्रश्न सुरू होतात, आणि बरेचसे तेच ते असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एडमंड वॉलर म्हणजे नेमका कोण? कवी, पुढारी की कटवाला?

तिन्ही. १६०६ ते १६८७ एवढं लांबलचक आयुष्य त्याला मिळालं. पहिल्या जेम्सपासून दुसऱ्या जेम्सपर्यंत चार राजे आणि मधल्या राजाविना काळात सत्ता हाती घेतलेला क्रॉमवेल, असे सगळे त्याने पाहिले. इंग्रजी साहित्य शिकलेल्यांना तो ‘गो, लव्हली रोझ’ या छोट्या कवितेमुळे माहीत असतो. इतिहासवाल्यांना तो १६४३ सालच्या कटामुळे माहीत असतो: लंडन शहर आतून फोडून राजाच्या हवाली करण्याचा तो कट त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्याच्या हयातीत मात्र त्याची खरी ख्याती होती ती संसदेतला वक्ता म्हणून. त्याच्या जिभेनेच त्याला अडकवलं आणि त्याच जिभेने सोडवलं.

२. संसदेच्या सैन्याचा सेनापती वॉलर तो हाच का?

नाही. तो सर विल्यम वॉलर. राजाविरुद्ध लढणारा हा सेनापती सुरुवातीच्या विजयांमुळे लंडनकरांचा इतका लाडका झाला, की लोक त्याला ‘विल्यम द कॉन्करर’ म्हणू लागले. तिसरा सर हार्ड्रेस वॉलर. राजाच्या मृत्युदंडाच्या हुकूमनाम्यावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांतला तो एक. तिघे एकाच मोठ्या गोतावळ्यातले. एक जण राजाविरुद्ध लढला, एकाने राजाला मारायच्या हुकमावर सही केली आणि आपला एडमंड राजासाठी कट करताना पकडला गेला. पुस्तकात नुसतं ‘वॉलर’ दिसलं, तर आधी पहिलं नाव तपासा.

३. त्याचं जन्मसाल कुठे १६०५ दिसतं, कुठे १६०६. जन्मगावाचा जिल्हाही वेगवेगळा दिसतो. बरोबर कोणतं?

दोन्ही बरोबर आहेत. जन्म ३ मार्चचा. त्या काळी इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणजे त्यांच्या हिशोबाने १६०५ अजून संपायचं होतं आणि आपल्या हिशोबाने १६०६ सुरू झालं होतं. कटातलं राजाचं फर्मान १६ मार्चचं आहे. तेही याच कारणाने कुठे १६४२चं, तर कुठे १६४३चं म्हणून छापलेलं सापडतं. आपण चैत्र आणि जानेवारी अशी दोन नवी वर्षं पाळतो, त्यामुळे मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये.

गावाचंही तसंच. कोल्सहिल हे गाव बकिंगहॅमशरने वेढलेलं होतं, पण कागदोपत्री हर्टफर्डशरचा सुटा तुकडा होतं. एकोणिसाव्या शतकात ते बकिंगहॅमशरला जोडलं गेलं.

४. क्रॉमवेल त्याचा भाऊ होता म्हणे?

इंग्रजीत सगळ्यांना ‘कझिन’ म्हणून मोकळं होतात, त्यामुळे हा घोळ होतो. मराठीत नातं दोन ओळींत उलगडतं. वॉलरची आई अ‍ॅन ही हॅम्पडेन घराण्यातली. तिच्या भावाचा मुलगा म्हणजे जॉन हॅम्पडेन. राजाची जहाजपट्टी भरायला नकार देऊन गाजलेला हा पुढारी वॉलरचा मामेभाऊ. हॅम्पडेनची आई एलिझाबेथ ही क्रॉमवेलची आत्या. म्हणजे वॉलरची मामी ती ऑलिव्हरची आत्या. रक्ताचं नातं नाही, सोयरिकीचं आहे.

पण ते दोन्हीकडून पाळलं जायचं. वॉलरच्या आईला क्रॉमवेल ‘आत्या’, ‘मावशी’ जे काही म्हणाल त्या अर्थाने ‘आंट’ म्हणत असे. म्हातारी कट्टर राजाची. क्रॉमवेल भेटायला आला, की ती त्याला तोंडावर सुनवायची, आणि तो हसण्यावारी न्यायचा. पुढे ती राजाच्या माणसांशी संधान बांधून आहे असं कळल्यावर मात्र त्याने तिला तिच्या मुलीच्याच पहाऱ्यात नजरकैदेत ठेवलं.

५. एवढा पैसा त्याच्याकडे कुठून आला?

निम्मा बापाकडून, निम्मा बायकोकडून. वडील १६१६ साली वारले तेव्हा दहा वर्षांच्या एडमंडला वर्षाकाठी साडेतीन हजार पौंड उत्पन्नाची जमीन मिळाली, असं जुने चरित्रकार सांगतात. ईटन, केंब्रिजचं किंग्ज कॉलेज, मग वकिलीसाठी लिंकन्स इन असं श्रीमंताच्या पोराचं ठरलेलं शिक्षण झालं. सोळाव्या वर्षीच तो संसदेत बसला अशी आख्यायिका आहे. १६२४ साली, म्हणजे अठराव्या वर्षी, तो इलचेस्टरचा सभासद होता.

बायको अ‍ॅन बँक्स ही लंडनच्या एका श्रीमंत कापड व्यापाऱ्याची वारस मुलगी. बाप वारलेला, त्यामुळे ती शहराच्या आल्डरमन मंडळाच्या, म्हणजे नगरपालकांच्या, पालकत्वाखाली होती. तिचं लग्न कुणाशी लावायचं हे मंडळ ठरवणार होतं. वॉलरने मंडळाला न विचारता १६३१ साली वेस्टमिन्स्टरच्या सेंट मार्गरेट चर्चमध्ये तिच्याशी लग्न उरकून टाकलं. प्रकरण स्टार चेंबर या राजाच्या खास न्यायालयापर्यंत गेलं, शेवटी राजानेच माफ केलं. तीन वर्षांत ती बाळंतपणात वारली. सेंट मार्गरेट चर्चचं नाव लक्षात ठेवा, बारा वर्षांनी त्याच चर्चमध्ये त्याचं नशीब फिरणार आहे (प्र. १०).

६. सॅकरिसा कोण?

लेडी डोरोथी सिडनी, लेस्टरच्या अर्लची मोठी मुलगी, राहणार पेन्सहर्स्ट. बायको गेल्यावर वॉलर हिच्या मागे लागला आणि तिच्यावर कविता करत सुटला. ‘सॅकरिसा’ हे नाव त्याने साखरेच्या लॅटिन शब्दावरून पाडलं. तो लॅटिन शब्द ‘साक्कारम’, आणि त्याचं मूळ आपल्या ‘शर्करे’त. म्हणजे ज्या शब्दापासून आपली ‘साखर’ झाली, त्याच शब्दापासून पेन्सहर्स्टची ही ‘साखरबाई’ झाली.

बाईंना काही साखर विरघळवायची नव्हती. १६३९ साली तिने हेन्री स्पेन्सरशी लग्न केलं. तो पुढे संडरलंडचा अर्ल झाला आणि सप्टेंबर १६४३मध्ये न्यूबरीच्या लढाईत राजाच्या बाजूने लढताना मारला गेला. पुढे दोघं म्हातारी झाल्यावर तिने विचारलं, “पुन्हा कधी लिहिणार माझ्यावर अशा कविता?” त्यावर हा म्हणाला, “बाईसाहेब, तुम्ही पुन्हा तेव्हाइतक्या तरुण आणि सुंदर झालात की.” वाक्य चटपटीत आहे, पण मला तरी त्यात जुना राग दिसतो.

७. जहाजपट्टीविरुद्ध भाषण करणारा वॉलर राजाच्या बाजूला गेलाच कसा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्यामागे एक समज असतो: १६४०मध्ये जो राजाविरुद्ध बोलला तो १६४३मध्येही राजाविरुद्धच असायला हवा. तसं नव्हतं. १६४०च्या शेवटी लाँग पार्लमेंट (पुढे वर्षानुवर्षं चाललेली संसद) भरलं तेव्हा राजाच्या मनमानीला कंटाळलेले जवळजवळ सगळेच होते. जहाजपट्टी म्हणजे बंदरांनी आरमारासाठी द्यायचा जुना कर. चार्ल्सने तो संसदेला न विचारता देशभर, समुद्रापासून दूर आत राहणाऱ्यांवरही बसवला. ज्या न्यायाधीशांनी हे कायदेशीर ठरवलं त्यांतला एक क्रॉली. १६४१च्या जुलैत त्याच्यावरचा आरोप मांडायचं काम वॉलरकडे आलं. ते भाषण छापलं गेलं आणि एका दिवसात वीस हजार प्रती खपल्या असं सांगतात.

पण त्याच वर्षी बिशपांची व्यवस्था मुळासकट उपटायचा प्रस्ताव आला तेव्हा हाच वॉलर विरोधात उभा राहिला. त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. बिशप हा किल्ल्याचा पडकोट आहे, तो लोकांच्या रेट्याने पडला तर पुढची धडक आपल्या जमिनींवर येईल. आज धर्मात समानता मागतात, उद्या मालमत्तेत मागतील. त्याच्या पोटात काय होतं ते इथे उघड दिसतं. राजाचा हात त्याला आपल्या खिशात नको होता, आणि जमावाचाही.

ऑगस्ट १६४२मध्ये राजाने नॉटिंगहॅमला निशाण उभारलं. वॉलरने त्याला एक हजार सोन्याची नाणी पाठवली असं म्हणतात, आणि स्वतः मात्र संसदेत बसून राहिला. तिथे तो उघडपणे राजाच्या बाजूने बोलत असे आणि बाकीचे बोलू देत. आमच्याकडे बघा, विरोधी मतालाही मुभा आहे, हे दाखवायला त्यांना असा एक माणूस सोयीचाच होता.

८. कट नेमका काय होता?

खरं तर दोन कट होते, एकात एक अडकलेले.

पहिला वॉलरचा. १६४३च्या सुरुवातीला संसदेने तहाची बोलणी करायला ऑक्सफर्डला राजाकडे शिष्टमंडळ पाठवलं, त्यात वॉलर होता. राजासमोर जाताना मानाप्रमाणे त्याचा क्रम शेवटचा. राजा म्हणाला, “मिस्टर वॉलर, तुम्ही शेवटी आलात, पण माझ्या मर्जीत तुम्ही शेवटचेही नाही आणि कमीही नाही.” लंडनला परतल्यावर त्याने मेहुण्याला, नॅथॅनियल टॉमकिन्सला, हाताशी धरलं. टॉमकिन्स राणीच्या मंडळाचा कारकून. शहरातल्या लोकांत त्याची ऊठबस. त्याच्यामार्फत रिचर्ड चॅलनर हा व्यापारी आला. या लोकांनी काय केलं? पॅरिशवार याद्या केल्या. आपल्याकडे निवडणुकीत कार्यकर्ता मतदारयादी घेऊन बसतो, अगदी तसंच: हे घर आपलं, हे त्यांचं, हे कुंपणावरचं. मग तिन्हींची बेरीज. युद्धाला कंटाळलेले लोक किती आहेत हे एकदा एकमेकांना कळलं, की सगळे मिळून युद्धाचा कर भरायला नकार देतील, तहाचे अर्ज करतील आणि संसदेला नमतं घ्यावं लागेल, अशी कल्पना. उमरावांपैकी काही जण पाठीशी आहेत, असं वॉलर मेहुण्याला सांगायचा.

दुसरा कट सर निकोलस क्रिस्पचा. हा बडा व्यापारी लंडन सोडून राजाकडे गेलेला. त्याला याद्या नको होत्या, त्याला बंदुका हव्या होत्या. लंडनमधल्या काही नागरिकांना राजासाठी सैन्य उभारायचा अधिकार देणारं फर्मान त्याने राजाकडून मिळवलं आणि ते शहरात पोचवलं (प्र. ९).

संसदेने पुढे जाहीर केलं ते या दोन्हींचं मिश्रण: टॉवर (लंडनचा किल्ला आणि तुरुंग), शहराच्या वेशी आणि दारूगोळा ताब्यात घ्यायचा, लंडनमध्ये असलेली राजाची मुलं हस्तगत करायची, संसदेचे पुढारी पकडायचे आणि राजाचं सैन्य आत घ्यायचं. वॉलरला यातलं किती मान्य होतं? माझं मत असं, की त्याने सुरुवात अर्ज-विनंतीने केली आणि तलवारवाल्यांना ‘नाही’ म्हणायची वेळ आली तेव्हा म्हटलं नाही.

९. फर्मान एका बाईने केसांत लपवून आणलं, हे खरं का?

बाई खऱ्या, केसांचं रंगवून सांगितलेलं आहे. लेडी दॉबिनीचा नवरा एजहिलच्या लढाईत राजासाठी लढताना जखमी होऊन गेला होता. नवऱ्याच्या मिळकतीची कामं निस्तरायला लंडनला जायचंय म्हणून तिने परवानगी काढली. राजाने तिच्याकडे एक लहानशी पेटी दिली: अमुक खूण सांगणारा माणूस येईल, त्याला द्या. राजाच्या बाजूचा पुढारी आणि या युद्धाचा इतिहास लिहिणारा क्लॅरेंडन, त्याने हे असंच लिहून ठेवलं आहे. कट फुटल्यावर तिलाही काही काळ कैदेत काढावा लागला.

१०. कट फुटला कसा?

टॉमकिन्सच्या घरातल्या नोकरामुळे. भिंतीवरच्या पडद्याआड उभं राहून त्याने मालक, वॉलर आणि इतरांचं बोलणं ऐकलं आणि थेट जॉन पिमकडे जाऊन सांगितलं. पिम म्हणजे संसदेतला सगळ्यात धूर्त पुढारी.

३१ मे १६४३, बुधवार. महिन्याच्या शेवटच्या बुधवारी संसदेचा उपास असे. सगळे सभासद सेंट मार्गरेट चर्चमध्ये प्रवचन ऐकत बसलेले. कुणीतरी येऊन पिमच्या हातात चिठ्ठी ठेवली. त्याने ती वाचली, शेजारच्या दोघाचौघांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ते उठून गेले. बाकीचे बसल्या जागी चुळबुळत राहिले. प्रवचन कुणाच्या डोक्यात शिरलं असेल असं वाटत नाही. त्याच रात्री वॉलर आणि टॉमकिन्स पकडले गेले. फर्मान टॉमकिन्सने पुरून ठेवलं होतं. जागा त्यानेच दाखवली, तिथे उकरल्यावर ते निघालं.

११. वॉलरने कबुलीत कुणाकुणाची नावं सांगितली?

विचारली ती आणि न विचारलेलीही. जे बोललं, ऐकलं, पाहिलं, मनात आलं, दुसऱ्याबद्दल नुसती शंका होती, ते सगळं त्याने सांगून टाकलं असं क्लॅरेंडन लिहितो. क्लॅरेंडनचं त्याच्याशी पुढे बिनसलं (प्र. १७), हे ध्यानात ठेवून चार आणे कमी केले, तरी उरतं तेही भरपूर आहे. पोर्टलंडचा अर्ल, लॉर्ड कॉनवे, नॉर्थम्बरलंडचा अर्ल अशी मोठी नावं त्याने घेतली. बड्या घरच्या बायका आपल्याशी विश्वासाने काय बोलल्या, हेही.

पोर्टलंडचं प्रकरण जवळून बघण्यासारखं आहे. त्याने सगळं नाकारलं. वॉलरने त्याला कोठडीतून चिठ्ठी लिहिली: मी सांगून बसलोय, आता तुम्हीही कबूल करा, त्यातच दोघांचं भलं आहे. पोर्टलंडने दाद दिली नाही. समोरासमोर उभं केल्यावरही तो हललाच नाही. दुसरा साक्षीदार नव्हता, त्यामुळे पोर्टलंड आणि कॉनवे काही आठवड्यांनी जामिनावर सुटले. नॉर्थम्बरलंडला तर हात लावायचं कुणाच्याही मनात नव्हतं.

कोठडीतला वॉलर पश्चात्तापाने इतका कोलमडलेला दिसे, की शुद्धीवर येईपर्यंत खटला पुढे ढकलावा असं ठरलं. भेटायला येणाऱ्या धर्मोपदेशकांपुढे तो रडे, त्यांचे आभार मानी आणि त्यांना दक्षिणाही देई. आपल्याकडच्या कोर्टात याला ‘माफीचा साक्षीदार’ म्हणतात. फरक इतकाच, की माफी कबूल व्हायच्या आधीच याने साक्ष देऊन टाकली होती.

१२. मग तो फासावर का गेला नाही?

तीन कारणं. पहिलं म्हणजे वेळ. खटला लांबला आणि पहिला राग ओसरला. दुसरं पैसा. तिसरं त्याचं ४ जुलैचं भाषण. कॉमन्सच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, कठड्यापाशी उभं राहून त्याने दयेची भीक तर मागितलीच, पण मधेच एक पाचर मारली: मला हवी ती शिक्षा तुम्ही द्या, पण लष्करी न्यायालयाच्या ताब्यात देऊ नका. आज एका सभासदाला सैनिकांच्या हाती दिलंत, तर उद्या तेच सैनिक तुमच्यापैकी कुणालाही मागतील. सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला आपापली मान आठवली असणार. गंमत म्हणजे पाच वर्षांनी, डिसेंबर १६४८मध्ये, सैन्याने खरोखरच संसदेच्या दारात उभं राहून सभासद हाकलले.

१४ जुलैला त्याची हकालपट्टी झाली. पुढे जवळजवळ दीड वर्ष तो टॉवरमध्ये होता. नोव्हेंबर १६४४मध्ये दहा हजार पौंड दंड आणि देशाबाहेर हकालपट्टी यावर निभावलं. दंडासाठी जमीन विकावी लागली.

१३. मेलं कोण?

टॉमकिन्स आणि चॅलनर. वॉलरचं ते भाषण झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ जुलै १६४३ला. दोघांनाही आपापल्या घराजवळ फाशी दिलं: टॉमकिन्सला होबर्नला, चॅलनरला कॉर्नहिलला. शेजाऱ्यांनी पाहावं म्हणून. टॉमकिन्स फासाखाली उभा राहून म्हणाला, मेहुण्याच्या प्रेमापायी आणि ज्या राजाचं मीठ बावीस वर्षं खाल्लं त्याच्यापायी मी या मूर्ख धंद्यात पडलो. एवढंच. मेहुण्याला शिव्या नाहीत.

राजाचा जासूद हॅसल खटल्याच्या आदल्या रात्री तुरुंगात वारला. अलेक्झांडर हॅम्पडेन, म्हणजे वॉलरच्या आजोळचाच आणखी एक जण, राजाचा निरोप घेऊन आला होता; तो कैदेतच वारला. याच सुमारास, २४ जूनला, जॉन हॅम्पडेन चाल्ग्रोव्हच्या लढाईतल्या जखमेने गेला, पण तो संसदेच्या बाजूचा, त्याचा कटाशी संबंध नाही. हे दोन हॅम्पडेन लोक सारखे एकमेकांत मिसळतात, म्हणून सांगितलं.

१४. हा सगळा पिमने रचलेला बनाव होता का?

बनाव नाही, पण पिमने त्याचा वापर मात्र पुरेपूर केला. फर्मान खरं होतं, याद्या खऱ्या होत्या. दोन वेगळ्या गोष्टी एका धाग्यात ओवून ‘शहर कापून काढणार होते’ असं चित्र उभं करणं ही पिमची करामत. नोकराने सांगितल्यावर लगेच पकडापकडी न करता त्याने मोक्याचा दिवस गाठला असाही संशय घेतला जातो. उपासाचा दिवस, भरलेलं चर्च, हातात चिठ्ठी: एवढा देखावा आपोआप जमून आला असेल, तर पिम फार नशीबवान माणूस म्हणायचा.

६ जूनला सभासदांसमोर शपथ ठेवली गेली: या कटात माझा हात नाही, आणि संसदेविरुद्ध युद्धात उतरलेल्या कॅथलिकांना शस्त्रबळावर संसदेच्या न्यायापासून वाचवलं जातंय तोवर शस्त्र टाकायला मी संमती देणार नाही. ज्यांना तह हवा होता त्यांची यात कोंडी झाली. शपथ घ्यावी तर तोंड बंद, न घ्यावी तर कटवाला ठरणार. युद्ध थांबवायला निघालेल्या माणसाच्या हातून युद्ध थांबवा म्हणणाऱ्यांचीच जीभ कापली गेली.

१५. परागंदा असताना तो काय करत होता?

फ्रान्समध्ये, मुख्यतः रूआँ आणि पॅरिसमध्ये होता. जाण्यापूर्वी मेरी ब्रेसीशी दुसरं लग्न झालं होतं. तिच्यापासून पुढे तेरा मुलं झाली. १६४६ साली रोजनिशीकार जॉन एव्हलिनबरोबर इटलीहून आल्प्स ओलांडून जिनीव्हापर्यंत प्रवास केला. तिथे एव्हलिनला देवी आल्या. पॅरिसमध्ये पाहुण्यांना जेवू घालणारं घर म्हणून त्याचं नाव होतं, आणि त्यासाठी बायकोचे दागिने एकेक करत विकले जात होते. शेवटी म्हणे तो म्हणाला, आता ‘रम्प’ दागिन्यावर आलोय. लंडनमध्ये उरलेल्या संसदेला तेव्हा लोक ‘रम्प’, म्हणजे ढुंगण, म्हणत. त्याच्या कवितांचं पुस्तक १६४५ साली लंडनमध्ये छापलं गेलं, तेव्हा कवी देशाबाहेर होता.

१६. राजासाठी कट करणाऱ्याने क्रॉमवेलची स्तुती लिहिली? आणि मग पुन्हा राजाची?

हो. नोव्हेंबर १६५१मध्ये हद्दपारी उठली, नातं कामी आलं (प्र. ४). १६५५ साली त्याने क्रॉमवेलवर स्तुतिकाव्य लिहिलं, आणि ते त्याच्या उत्तम कवितांपैकी आहे. त्याच साली व्यापारविषयक मंडळावर नेमणूक झाली. १६५८ साली क्रॉमवेल गेला, त्याच सुमारास मोठं वादळ झालं होतं. वॉलरने त्यावरही कविता केली, की निसर्गाने उसासा टाकला. दोन वर्षांत दुसरा चार्ल्स परतला. वॉलर पुन्हा हजर, नवी कविता घेऊन.

राजा म्हणाला, “ही काही क्रॉमवेलवरच्या कवितेइतकी जमली नाही.”

“महाराज,” वॉलर म्हणाला, “कवींना खऱ्यापेक्षा खोटं जास्त चांगलं जमतं.”

याला वारा येईल तशी पाठ फिरवणारा म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. मला तसं पुरतं पटत नाही. कर कमी, युद्ध बंद, मालमत्ता सुरक्षित, व्यापार चालू, हे जो देईल त्याची आरती, हे त्याचं धोरण १६४१पासून बदललेलं दिसत नाही. पण मग ‘राजनिष्ठ’ हा शब्द त्याला लावावा का, ही शंका रास्त आहे. टॉमकिन्सला नक्की लावावा.

१७. क्लॅरेंडनशी काय भांडण होतं?

जुने मित्र. १६६५ साली वॉलरला ईटनच्या प्रमुखाची जागा हवी होती, राजा द्यायला तयार होता. चॅन्सलर क्लॅरेंडनने मोहोर उठवायला नकार दिला: ही जागा पाद्रीचीच. दोन वर्षांनी क्लॅरेंडनवर महाभियोग आला तेव्हा वॉलर त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्यांत होता. क्लॅरेंडन देश सोडून गेला आणि परदेशात आठवणी लिहीत बसला. वॉलरचं सगळ्यात झणझणीत चित्र आपल्याला त्या लिखाणातून मिळतं.

१८. त्याचा मुंबईशी काही संबंध आहे का?

ओढूनताणून नको, पण एक धागा खरा आहे. जून १६६१च्या ज्या विवाहतहाने पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन दुसऱ्या चार्ल्सला दिली गेली, त्याच तहात मुंबई बेट आंदण गेलं. वॉलर तेव्हा हेस्टिंग्जचा सभासद होता. राणीच्या वाढदिवसानिमित्त त्याने चहावर एक छोटी कविता केली: सगळ्यात चांगली राणी आणि सगळ्यात चांगली वनस्पती, दोन्ही आम्हाला त्या धाडसी राष्ट्रामुळे मिळाल्या, ज्याने सूर्य उगवतो त्या देशाची वाट दाखवली. धाडसी राष्ट्र म्हणजे पोर्तुगीज. त्या राष्ट्राने दिलेल्या तिसऱ्या वस्तूचा, म्हणजे मुंबईचा, कवितेत उल्लेख नाही. १६६८ साली राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. वॉलरने भरलेल्या दंडाच्या रकमेत मुंबई हजार वर्षं भाड्याने मिळाली असती.

१९. तो दारू पीत नसे, हे खरं?

खरं. दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारात पाणी पिऊन मैफल रंगवणारा हा एकटा. हेन्री सॅव्हिल म्हणे, की न पिता माझ्या पंगतीला बसायची परवानगी इंग्लंडात फक्त नेड वॉलरला आहे. ऐंशीच्या घरात असतानाही संसदेत सगळ्यात ताजं तोच बोलायचा. दुसऱ्या जेम्सशी बोलताना त्याने एलिझाबेथ राणीची तारीफ केली. जेम्स म्हणाला, तिचे सल्लागार शहाणे होते. वॉलर म्हणाला, “मूर्खाने शहाणे सल्लागार निवडलेले महाराजांनी कधी पाहिलेत?”

२०. त्याचा शेवट कुठे झाला? कबर आहे का?

उतारवयात त्याने कोल्सहिलला थोडी जमीन आणि छोटं घर घेतलं. हरीण जिथून उठवलं तिथेच येऊन मरतं, तसं मलाही जन्मगावी मरायचंय, असं तो म्हणे. पाय सुजू लागले तेव्हा तो विंडसरला राजवैद्य स्कारबराकडे गेला आणि विचारलं, ही सूज कशाची? वैद्य म्हणाला, “तुमचं रक्त आता फिरायचं नाही म्हणतंय.” वॉलरने रोमन कवी व्हर्जिलच्या काही ओळी म्हटल्या आणि घरी निघून आला. घरी म्हणजे कोल्सहिलला नव्हे, बीकन्सफील्डला. तिथेच २१ ऑक्टोबर १६८७ रोजी तो गेला. गावच्या चर्चच्या आवारात उंच सुळक्यासारखी त्याची कबर आहे. कोल्सहिल तिथून काही मैलांवर.